कीवर्ड-जाहिरात आणि लहान व्यवसाय (कोल्हापूर)

गुगलवर काही शोधले की निकालांच्या वर-खाली ‘स्पॉन्सर्ड’ अशी पाटी लावलेल्या ओळी दिसतात. शोधलेल्या शब्दावर, म्हणजे कीवर्डवर, बोली लावून घेतलेल्या या जाहिराती. पैसे क्लिक झाला तरच मोजायचे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या गोटू डॉट कॉमने हा लिलाव सुरू केला. गुगलने ॲडवर्ड्स 2000 मध्ये आणले, 2018 मध्ये त्याचे गुगल ॲड्स झाले. जास्त बोली म्हणजे हमखास वरची जागा, असे नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान कसे आहे, हेही पाहिले जाते. दुकानदाराला हा खर्च परवडतो का, हे मात्र नगामागे काय सुटते त्यावर ठरते.

समजा, चपलेच्या एका जोडामागे कुरिअर, पॅकिंग जाऊन 400 रुपये सुटतात आणि 100 क्लिकमागे दोन ऑर्डरी येतात. म्हणजे 100 क्लिकना 800 रुपये. एका क्लिकला 8 रुपयांच्या वर गेले की घरचे घालावे लागते. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी असतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनमधल्या (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानदाराला तो परत मिळत नाही, त्यामुळे त्याची मर्यादा पावणेसात रुपयांच्या आसपास येते. कॅश ऑन डिलिव्हरीतले परत आलेले जोड धरले तर आणखी खाली. घाईने निकालही लावता येत नाही: दोन टक्के हा दर खरा असला तरी पहिल्या 50 क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे 36 टक्के असते. चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारे आणि पहिल्याच ऑर्डरीवर बजेट दुप्पट करणारे, दोघेही अंदाजानेच चालतात.

कोल्हापूरची खरी अडचण शब्दांची आहे. ‘कोल्हापुरी’ टाकणाऱ्याला चप्पल हवी असेल, साज, मसाला किंवा तांबड्या रश्श्याची कृतीही. चपलांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण या शब्दावर बोली लावताना चप्पल लाइनीतला दुकानदार देशभरच्या मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांसमोर उभा राहतो. तिथे मोघम शब्द सोडून ‘हाताने शिवलेली कोल्हापुरी, पुरुष’ अशी नेमकी मागणी पकडावी आणि ‘रेसिपी’, ‘मिसळ’, ‘होलसेल’ हे नकारात्मक कीवर्ड म्हणून आधीच वगळावेत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे, गणित उलटे. एक ऑर्डर लाखांची, त्यामुळे महाग क्लिकही चालतो. पण ‘कास्टिंग’ (ओतकाम) शोधणाऱ्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि नोकरी शोधणारेही असतात, आणि त्यांच्या क्लिकचे पैसे फाउंड्रीच भरते.

ठिकाणाच्या सेटिंगकडे फारसे कोणी पाहत नाही. आपण न बदललेली गुगलची मूळ निवड त्या ठिकाणी असलेल्यांबरोबर त्या ठिकाणात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवते. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी लॉज चालवणाऱ्याला हेच हवे असते, कारण त्याचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून शोधते. राजारामपुरीतल्या दंतवैद्याचे पैसे मात्र यात वाया जातात. लॉजवाल्यानेही नवरात्रात जाहिरात चालवण्यात अर्थ नाही. तेव्हा खोल्या तशाही भरतात. मंदीच्या दिवसांतला क्लिक खरा कामाचा.

स्वतःच्याच दुकानाच्या नावावर बोली लावणे हा बहुधा फुकटचा खर्च. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारावरच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपनीच्या नावावरची जाहिरात थांबवल्यावर जवळजवळ सगळी गर्दी खालच्या मोफत निकालांतून परत आली. इतर शब्दांवरच्या जाहिरातींनी नेहमीच्या गिऱ्हाइकांवर परिणाम केला नाही, नव्यांवर मात्र केला. ईबे सर्वांना ठाऊक होते. गल्लीतले दुकान ठाऊक नसते, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. प्रतिस्पर्धी आपल्या नावावर बोली लावत असेल तर जाहिरात ठेवावी का, हे पाहायला ती दोन आठवडे थांबवून फोन आणि ऑर्डरी मोजाव्यात.

खानावळ, सलून, दवाखाना यांचे बरेचसे काम गुगल नकाशावरच्या मोफत बिझनेस प्रोफाइलने होते. वेळा, फोटो, फोन नंबर तिथे बरोबर नसताना कीवर्डवर पैसे टाकणे उरफाटे. ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येत असतील तर गुगलचा अहवाल अपुरा पडतो, ‘कुठून कळलं?’ हे प्रत्येकाला विचारून गल्ल्याशेजारच्या वहीत लिहावे लागते. दिवसाचे बजेटही काटेकोर नसते: गुगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते आणि महिन्याला 30.4 पटीची मर्यादा पाळते. काम एजन्सीकडे दिले तरी खाते दुकानाच्याच ईमेलवर उघडावे, नाहीतर एजन्सी बदलताना कोणता शब्द चालला याची सगळी नोंद तिच्याकडेच राहते.