पुरणारी बॅटरी आणि टिकणारी बॅटरी

मोबाइलच्या दुकानात उभं राहिलं की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो. बावीस-पंचवीस हजारांच्या फोनवर ७३०० एमएएच लिहिलंय आणि लाखाच्या वरच्या फोनवर ५०००, असं कसं? प्रश्न रास्त आहे. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. विवो टी४ एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तो ७३०० एमएएचची बॅटरी घेऊन. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२० अल्ट्रामध्ये २०२० साली ५००० एमएएच होती आणि २०२५च्या एस२५ अल्ट्रामध्येही तेवढीच. मधल्या चार अल्ट्रांमध्येही आकडा हलला नाही. पैसे वाचवायला कुणी असं केलं असेल, हे पटत नाही. या आकड्यामागे पन्नास वर्षांचं रसायनशास्त्र आहे, काही आगी आहेत आणि विमानातून माल पाठवण्याचा एक नियमही आहे.

आपण बॅटरीबद्दल बोलताना दोन क्रियापदं वापरतो. बॅटरी दिवसभर ‘पुरते’ का, हा एक प्रश्न. ती तीन-चार वर्षं ‘टिकते’ का, हा दुसरा. फोनच्या जाहिराती आजवर पहिल्याच प्रश्नाला उत्तर देत आल्या. दुसऱ्याची तड आता कुठे लागायला लागली आहे.

सुरुवात १९७०च्या दशकातली. तेलाच्या टंचाईच्या त्या काळात एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम लिथियमवर काम करत होते. त्यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि परत बाहेरही येतात, हे वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने त्या जागी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणलं आणि विजेचा दाब थेट चार व्होल्टवर गेला. आजही फोनच्या बॅटरीची धन बाजू मुख्यतः याच पदार्थाची असते. उरला प्रश्न ऋण बाजूचा. तिथे शुद्ध लिथियम धातू वापरला की चार्ज होताना त्याच्यावर सुईसारखे काटे वाढतात, ते पलीकडे टोचतात आणि आतल्या आत शॉर्ट होतं. हा धोका कागदावरच राहिला नाही. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीच्या अशा बॅटऱ्यांनी १९८९ मध्ये जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये पेट घेतला आणि माल परत बोलवावा लागला.

तोडगा त्याआधीच जपानमध्येच तयार होता. असाही कासेई कंपनीतल्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला लिथियम धातूऐवजी कार्बन वापरून दाखवला. त्यांनी पेट्रोलियम कोक घेतला होता. पुढे त्याची जागा ग्राफाइटने घेतली. धातू नाही, फक्त आयनांची ये-जा, म्हणून नाव लिथियम-आयन. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेले ते पहिलेच. आपल्या खिशातली वस्तू त्यांच्या हयातीत घडली आणि त्यांनी ती जगभर पसरलेली पाहिली, याचं मला फार समाधान वाटतं.

फोनमध्ये ती यायला मात्र वेळ लागला. १९८३ साली मंजुरी मिळालेल्या मोटोरोलाच्या डायनाटॅक या मोबाइलवर सुमारे अर्धा तास बोलता यायचं आणि त्यासाठी दहा तास चार्जिंग लागायचं. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तो काळ निकेलच्या बॅटऱ्यांचा. निकेल-कॅडमियमला एक खोड होती. अर्धवट उतरलेली असतानाच पुन्हा पुन्हा चार्ज केली की ती तेवढंच ‘लक्षात ठेवायची’ आणि पुढे तेवढीच चालायची. नवीन फोन हातात देताना ‘आधी आठ तास चार्जिंगला लावा, मगच चालू करा’ आणि ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ असं दुकानदार सांगत, त्याचं मूळ हे. लिथियम आल्यावर तो सल्ला निरुपयोगीच नव्हे, उलटा ठरला. लिथियमच्या बॅटरीला शून्यावर नेणं मानवत नाही आणि शंभरवर तासन्‌तास टांगून ठेवणंही मानवत नाही. तरी घरोघरी तो सल्ला अजून जिवंत आहे.

आमच्या गावाकडे मोबाइलची बॅटरी म्हणजे नोकियाची बीएल-५सी. २००३ च्या नोकिया ११०० मध्ये ती ८५० एमएएचची होती, आणि डोक्यावर टॉर्च. भारनियमनाच्या दिवसांत वीज रात्री कधीतरी यायची आणि पहाटे जायची. अंगठ्याच्या नखाने मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, तिचे तीन सोनेरी ठिपके सदऱ्याला पुसायचे आणि चिमट्यासारख्या चार्जरच्या दोन टोचण्या त्यातल्या दोन ठिपक्यांवर नेमक्या बसवायच्या. लाल दिवा लुकलुकला की जमलं. घरात एक चार्ज केलेली बॅटरी जादा असायची; ती घालून काका शेतावर जायचे. एकदा भरलेली बॅटरी चार दिवस पुरायची, आणि दोन वर्षांनी थकली की बाजारातून नवी आणून घालायची, मेकॅनिक लागायचा नाही. म्हणजे ती पुरायची आणि टिकायचीही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या छोट्या रेडिओंत आणि भजनाच्या डब्यांत अजूनही हीच बॅटरी बसते.

याच बॅटरीने ऑगस्ट २००७ मध्ये देशभर घबराट उडवली. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं. बॅटरी काढून तिच्यावरचा २६ अक्षरांचा बारीक क्रमांक उन्हात धरून वाचणारी माणसं तेव्हा सगळीकडे दिसायची. बदलून देणं तुलनेने सोपं गेलं, कारण बॅटरी हाताने निघत होती.

त्याच वर्षी आयफोन आला. १४०० एमएएच, आणि बॅटरी आत बंद. त्याच्या बाजूने कारणं खरी होती. निघणाऱ्या बॅटरीला टणक कवच लागतं, झाकण लागतं, खाचा लागतात. ती सगळी जागा आत बंद केल्यावर बॅटरीला मिळते. पातळ पाऊचमधली बॅटरी कुठल्याही आकारात बसवता येते आणि फोनमध्ये पाणी जाण्याच्या वाटा कमी होतात. हळूहळू सगळ्यांनी तीच वाट धरली. पण त्या दिवसापासून बॅटरीचं आयुष्य हेच फोनचं आयुष्य झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात महागात पडलेलं वळण हेच.

पुढची दहा-बारा वर्षं बॅटरी वाढत गेली आणि वाढलेलं सगळं खर्चही होत गेलं. साडेतीन इंचांचा पडदा साडेसहाच्या पुढे गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दिवसभर इंटरनेट बंद ठेवून लागेल तेव्हाच चालू करायची सवय वर्षभरात संपली. वरंधा घाटात एसटीत बसून प्रवास केला असेल तर कुणालाही माहीत आहे: रेंज गेली की फोन टॉवर शोधत राहतो, जास्त जोर लावतो आणि पायथ्याशी सत्तर टक्के असलेली बॅटरी माथ्यावर पन्नासवर येते. स्वस्त फोनवाल्यांनी भारतीय गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. जानेवारी २०१७ चा रेडमी नोट ४ हा ४१०० एमएएचचा, २०२० चा गॅलेक्सी एम३१ हा ६००० चा आणि त्याच वर्षीचा एम५१ तर ७००० चा. हे आकडे जाड आणि जड फोन करूनच मिळत होते.

जागा न वाढवता बॅटरी वाढवायचा हव्यास काय करतो, ते २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ ने दाखवलं. ३५०० एमएएच, दिसायला देखणा. ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरमध्ये परत मागवला, बदलून दिलेले फोनही पेटल्यावर ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद. जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगने कारणं मांडली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात ऋण पट्टी दाबून वाकली होती, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे बारीक काटे राहिले होते. दोन्हीकडे शेवट एकच, आतल्या आत शॉर्ट. त्यानंतर सगळेच जपून पावलं टाकू लागले.

२०१७ च्या डिसेंबरात दुसरी बाजू उघडी पडली. बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अॅपलने सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला होता, आणि ते ग्राहकांना नीट सांगितलं नव्हतं. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि मार्च २०१८ मध्ये फोनमध्येच बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवायला सुरुवात केली. ‘टिकते का’ हा प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांसमोर आकड्यात आला तो तेव्हा.

दरम्यान चिनी कंपन्यांनी वेगळा मार्ग काढला होता: बॅटरी वाढत नसेल तर ती पटकन भरा. ओप्पोचं व्हूक हे जलद चार्जिंग २०१४ मध्ये आलं. २०२३ च्या रिअलमी जीटी निओ ५ मध्ये २४० वॉटचं चार्जिंग होतं, दहा मिनिटांच्या आत बॅटरी भरणारं. पण त्याच फोनचा १५० वॉटचा प्रकार ५००० एमएएचचा आणि २४० वॉटचा ४६०० चा होता. वेग हवा तर थोडी क्षमता सोडावी लागली.

कोंडी फोडली ती सिलिकॉनने. ग्राफाइटमध्ये कार्बनचे सहा अणू मिळून लिथियमचा एक अणू सांभाळतात. एका ग्रॅमला फार तर ३७२ एमएएच, ही त्याची मर्यादा, आणि बॅटऱ्या तिच्या अगदी जवळ पोहोचल्या होत्या. सिलिकॉनचे चार अणू पंधरा लिथियम सांभाळू शकतात. एका ग्रॅमला ३५००च्या वर. मग तो आधीच का नाही वापरला? कारण तो फुगतो. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी पातेल्याबाहेर येतात तसा सिलिकॉन लिथियम पिऊन तिपटी-चौपटीने फुगतो, उतरताना आकसतो, आणि काही फेऱ्यांत त्याचा चुरा होतो. उपाय असा निघाला की कार्बनचे जाळीदार कण करायचे, अनारशाला जाळी पडते तशी जाळी, आणि त्या छिद्रांत सिलिकॉनचा अगदी पातळ थर बसवायचा. फुगायला आतल्या आत जागा मिळते, बाहेरचा आकार फारसा बदलत नाही. मार्च २०२३ मध्ये ऑनरने मॅजिक५ प्रोच्या चिनी आवृत्तीत अशी बॅटरी घातली: ५४५० एमएएच. तोच फोन चीनबाहेर ५१०० चा होता. मग वेग आला. जानेवारी २०२५ मध्ये भारतात आलेला वनप्लस १३ हा ६००० चा, त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला वनप्लस १५ हा ७३०० चा. रिअलमीने २०२५ मध्ये १०,००० चा नमुना फोनही दाखवला.

मग बाकीचे ५००० वर का थांबले? एक कारण भीतीचं: सिलिकॉनची बॅटरी चार-पाच वर्षांनी कशी वागते याचा अनुभव अजून जमायचा आहे, आणि ज्यांचे हात पोळलेत ते थांबून बघतात. दुसरं कारण वाहतुकीचं. लिथियमचा एक सेल २० वॉट-अवरच्या (वॉट-अवर म्हणजे साठलेल्या ऊर्जेचं माप) वर गेला की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो धोकादायक मालाच्या कडक वर्गात जातो. पॅकिंग, कागदपत्रं, भाडं, सगळं वाढतं. फोनच्या बॅटरीच्या ३.८५ व्होल्टच्या हिशेबाने २० वॉट-अवर म्हणजे साधारण ५२०० एमएएच. जगभर एकच फोन विकणाऱ्याचा आकडा बरोबर या रेषेच्या अलीकडे थांबतो. म्हणूनच नथिंग फोन ३ भारतात ५५०० चा आणि बाहेर ५१५० चा आहे. एका बॅटरीचे दोन सेल केले तर ही मर्यादा ओलांडता येते, आणि पुढच्या मॉडेलांत तसं होताना जास्त दिसेल.

पण माझं लक्ष टिकण्याकडे आहे. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका गाळ्यात माझा अडीच वर्षांचा फोन उघडताना पाहिला. मागची काच एका कडेने उचलली गेली होती. मेकॅनिकने फोन गरम पाटीवर ठेवला, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवली, आणि आत चंदेरी बॅटरी उशीसारखी फुगलेली. ‘दादा, ही अजून महिनाभर वापरली असती तर डिस्प्ले फोडला असता हिने,’ तो म्हणाला. आतलं द्रावण झिजताना वायू होतो, तो बाहेर पडू शकत नाही, म्हणून पिशवी फुगते. उष्णता आणि सतत शंभर टक्के, या दोन गोष्टी ते काम लवकर करतात. रात्रभर उशीखाली चार्जिंगला ठेवलेला फोन दोन्ही देतो. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आता बहुतेक नव्या फोनांत आहे, आणि ती मी त्या दिवसापासून चालू ठेवली आहे.

युरोपीय संघाने यात हात घातला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरून उतरल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे, आणि फोनवर तसं लेबल लागतं. १८ फेब्रुवारी २०२७ पासून यंत्रांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशा असाव्यात, असाही नियम लागू होतोय. फोनसाठी एक पळवाट आहे: १००० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखणारा आणि धुळीपाण्याला दाद न देणारा फोन बंद बॅटरीचाच राहू शकतो. महागड्या फोनवाले ही वाट धरतील, असं मला वाटतं. तरी हजार फेऱ्यांची बॅटरी म्हणजे रोज एकदा पूर्ण भरणाऱ्याला पावणेतीन वर्षं, आणि दोन दिवसांनी भरणाऱ्याला पाच वर्षांच्या वर. इथे सिलिकॉनचा खरा उपयोग आहे. ७००० ची बॅटरी दिवसाआड भरली की फेऱ्या निम्म्या होतात, म्हणजे पुरणारी बॅटरी टिकतेही जास्त.

द्रावणाऐवजी घन पदार्थ वापरणाऱ्या (सॉलिड-स्टेट) बॅटऱ्यांची चर्चा दर वर्षी होते. द्रव काढला की आगीचा धोका बराच घटतो आणि मोली एनर्जीला जो लिथियम धातू सांभाळता आला नाही, तो कदाचित परत वापरता येईल. फोनच्या आकारात आणि फोनच्या किमतीत ती अजून आलेली नाही. तोवर नवीन फोन घेताना दुकानदाराला एमएएच विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारा: किती फेऱ्यांनंतर ८० टक्के? बऱ्याच कंपन्या हा आकडा आता माहितीपत्रकात छापायला लागल्या आहेत.