मंगळवारचा जिना

रविवारी त्र्यंबकजवळचा हरिहर गड केला. सोमवारी ऑफिसात ‘छे, काही नाही झालं आपल्याला’ म्हणून फुशारकी मारून घेतली. आणि मंगळवारी सकाळी आमच्याच इमारतीचा जिना मी कठडा दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखा आडवा उतरलो. दूधवाला मागे खोळंबला होता, पण बिचारा काही बोलला नाही. गंमत म्हणजे परत वर चढताना फारसं दुखलं नाही. दुखत होतं ते उतरताना, मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीच्या वर.

ट्रेकच्या ग्रुपवर तोवर निदान झालेलं होतं. ‘पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय. लिंबू-सोडा घ्या, भरपूर पाणी प्या, निघून जाईल.’ बाराजणांनी त्यावर अंगठे उठवले होते. मी उत्तर लिहायला बसलो. ते लांबत गेलं, म्हणून हा लेख.

आधी त्या बदनाम आम्लाचा निकाल लावू. दमछाक करणाऱ्या चढावर स्नायूंची ऊर्जेची मागणी ऑक्सिजनच्या पुरवठ्यापुढे धावते आणि लॅक्टेट (त्याच आम्लाचं शरीरातलं रूप) तयार होतं, इथपर्यंत ग्रुपचं बरोबर आहे. पण ते तिथे गाळासारखं साठून राहत नाही. हृदय, यकृत आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि तासाभरात रक्तातली पातळी जवळपास पूर्ववत होते. हरिहरहून त्र्यंबकला येऊन तुमचा चहा होतो, तेवढ्यात प्रकरण मिटलेलं असतं. मग मंगळवारी दुखतं ते काय? १९८३ साली संशोधकांनी यावर सरळ प्रयोग केला. धावणाऱ्यांना ४५ मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, पण पाय चांगलेच दुखले. आरोपी घटनास्थळी नव्हताच.

म्हणजे गुन्हा उताराचा. आता माझा आवडता भाग.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, गुडघा सरळ होतो, शरीर वर उचललं जातं. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो, आणि ताणला जात असतानाच तो ओढही लावत असतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्याने ओढ सोडली तर आपण गुडघ्यात मोडून खालीच बसू. विहिरीतून भरलेला पोहरा वर ओढणं वेगळं आणि दोर हातातून हळूहळू सोडत तो खाली उतरवणं वेगळं. दुसऱ्यात दम लागत नाही, पण तळहात सोलवटून निघतात.

दम का लागत नाही, याचा १९५२ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी लंडनमध्ये दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकजण पेडल पुढे मारणार, दुसरा त्याच पेडलला उलटा विरोध करणार. दोघांचा वेग तोच, जोरही तोच. फरक इतकाच की एकाचे स्नायू आखडत होते आणि दुसऱ्याचे ताणले जात होते. विरोध करणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी भरला. रॉयल सोसायटीत हे दाखवलं तेव्हा चणीने लहान असलेल्या बाईने धिप्पाड गड्याला आरामात दमवलं आणि सभेत हशा पिकला.

याचं कारण स्नायूच्या आत आहे. तिथे मायोसिन नावाच्या प्रथिनाचे धागे आपल्या असंख्य बारीक हातांनी अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे पकडून ओढत असतात, रस्सीखेच चालावी तसे. पकड सोडून नवी पकड घ्यायला प्रत्येक वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्ची पडतो. पण समोरचा संघ आपल्याला फरफटवत नेत असेल, तर हात आपोआप सुटतात आणि पुन्हा पकडतात. तिथे हा खर्च बराच वाचतो. शिवाय ताणला जाणारा प्रत्येक तंतू जास्त जोर धरतो, म्हणून मेंदू कमी तंतू कामाला लावतो. स्वस्तात काम झालं, पण अख्खा भार त्या थोड्यांच्या अंगावर पडला.

आता त्या तंतूंचं काय होतं? प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या चिमुकल्या खणांची माळ असते. एका मिलिमीटरमध्ये साधारण चारशे खण. सगळे सारख्या ताकदीचे नसतात. ताण आला की दुबळा खण आधी लांबतो. लांबला की त्यातल्या धाग्यांची एकमेकांवरची पकड कमी होते, पकड कमी झाली की तो आणखी लांबतो, आणि एका क्षणी धागे एकमेकांपासून सुटूनच येतात. टायटिन नावाचं अवाढव्य प्रथिन स्प्रिंगसारखं त्यांना सांभाळतं, बहुतेक खण पुन्हा जुळतात, पण काही विस्कटलेलेच राहतात. (इथे कुणी हरवलं असेल तर सार एवढंच: सदऱ्याचा एक टाका उसवला की शेजारच्यावर ताण येतो.)

हिशेब करून पाहा. माणूस ७० किलोचा आणि उतार ८०० मीटरचा धरला, तर मांड्यांना आणि सांध्यांना मिळून साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. दीड किलोवॅटचा गीझर सहा मिनिटं चालवावा एवढी. पाऊल वीस सेंटिमीटरचं धरलं तर चार हजार वेळा ब्रेक लागतो. हरिहरच्या त्या उभ्या कातळपायऱ्यांवर तर एकेक पाऊल याहून मोठं. खोबणीत बोटं रुतवून, कड्याकडे तोंड करून उतरताना माझी पोटरी शिवणयंत्रासारखी थरथरत होती. तो थरकाप नुसता भीतीचा नव्हता. स्नायूची ताकद लगेच घटते, पाय नेमका कुठे पडतोय याचा अंदाजही बिघडतो. म्हणून सकाळची चपळाई दुपारच्या उतरणीवर गृहीत धरू नये.

पण मग दुखणं मंगळवारपर्यंत का थांबतं? कारण खण विस्कटणं मुळात दुखत नाही. दुखते ती पुढची डागडुजी. पेशीत कॅल्शियम झिरपतं, सफाईला प्रतिकारपेशी येतात, सूज चढते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला चोवीस ते बहात्तर तास लागतात, आणि मग ते आपोआप ओसरतं. त्याच मंगळवारी संध्याकाळी मावशीने मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली. “गडावर कुणाची तरी नजर लागली रे तुला!” बुधवारी पाय हलके झाले. दृष्टीचा गुण! माझ्या मित्राला हाच गुण महागड्या जेलने आला आणि ग्रुपवरच्यांना लिंबू-सोड्याने. उतरणीला लागलेल्या दुखण्यावर जो उपाय कराल तो लागू पडतो. मोहऱ्या त्यातल्या त्यात स्वस्त. मात्र लघवी गडद चहासारखी झाली किंवा पाय टम्म सुजून कडक झाले, तर ओवाळत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. स्नायू फार फुटले तर मूत्रपिंडावर बेततं.

खरा उपाय गडाच्या आधीचा आहे. एकदा उतरणीचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला बराच कमी दुखतो. आणि त्यासाठी पहिला मार मोठा असावा लागत नाही, थोडकाही पुरतो. म्हणून कळसूबाईच्या (१६४६ मीटर) एक-दोन आठवडे आधी नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या पायऱ्या किंवा रामशेज गड दोनदा उतरून या. उतरायचं हे महत्त्वाचं. गोदाकाठच्या सपाट फेऱ्यांनी छाती तयार होते, मांडीचा ब्रेक होत नाही. गडावर पावलं छोटी टाका, उड्या मारू नका, दोन काठ्या असतील तर थोडा भार हातांवर घ्या.

मी हल्ली रोज संध्याकाळी लिफ्टने सातव्या मजल्यावर जातो आणि जिन्याने खाली येतो, असं चार वेळा. परवा वॉचमन काकांनी शेवटी विचारलंच, “साहेब, लिफ्ट फक्त वर जायलाच चालते का?”