यूटा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील राज्य. क्षेत्रफळ सुमारे २,१९,९०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सत्तर टक्के. लोकसंख्या मात्र अवघी ३२,७१,६१६ (२०२०). उत्तरेस आयडाहो, ईशान्येस वायोमिंग, पूर्वेस कोलोरॅडो, दक्षिणेस ॲरिझोना आणि पश्चिमेस नेव्हाडा ही राज्ये असून आग्नेय टोकाला न्यू मेक्सिकोचा कोपरा शिवतो. राजधानी सॉल्ट लेक सिटी. दर पाच माणसांतली चार माणसे वासाच डोंगररांगेच्या पायथ्याशी एका चिंचोळ्या पट्ट्यात राहतात. कारण साधे आहे: हिवाळ्यात डोंगरावर साचलेला बर्फ उन्हाळ्याच्या तोंडी वितळून याच पट्ट्यात उतरतो. यूटात वस्ती कुठे झाली, भांडणे कशावरून झाली आणि आजची सर्वांत मोठी चिंता कोणती, याचा माग पाण्याशीच जाऊन पोहोचतो.

राज्याचा पश्चिम भाग ग्रेट बेसिनमध्ये मोडतो. इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, खोऱ्यातच जिरतात किंवा आटतात. ईशान्येला उइंटा पर्वत आहे. त्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली असून ४,१२३ मी. उंचीचे किंग्ज पीक हे राज्यातील सर्वोच्च शिखर त्यातच येते. दक्षिण आणि पूर्व भाग कोलोरॅडो पठाराचा. पठार वर उचलले जात असताना नद्या खाली कापत गेल्या आणि तांबड्या वालुकाश्मात खोल घळी तयार झाल्या. झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ ही पाच राष्ट्रीय उद्याने याच भागात आहेत. ब्राइसमध्ये खडकाच्या फटीत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते आणि असे वर्षानुवर्षे होऊन कड्यांचे उभे सुळके सुटे होतात. छायाचित्रांत त्यांचा रंग भडक केल्यासारखा वाटतो, पण दगडातल्या लोहाच्या गंजाने तो मुळातच तसा आहे.

युट, पायूट, शोशोनी, गोशूट आणि नव्हाहो हे इथले मूळ लोक. राज्याचे नाव युट लोकांवरून पडले. १७७६ मध्ये डोमिंगेस आणि एस्कालांते हे स्पॅनिश धर्मगुरू या भागातून फिरले, पण वसाहत झाली नाही. ती केली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी. पूर्वेकडील राज्यांतून छळामुळे बाहेर पडलेला हा समाज ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली जुलै १८४७ मध्ये या खोऱ्यात आला. यंग स्वतः २४ जुलैला पोहोचले. आदल्याच दिवशी पुढे गेलेल्या तुकडीने सिटी क्रीक या ओढ्याला बांध घालून पाणी कोरड्या जमिनीवर वळवले आणि लगोलग बटाटे लावायला घेतले. घरे नंतर, पाट आधी. हा प्रदेश तेव्हा मेक्सिकोचा होता, तो १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे आला. मॉर्मनांना ‘डेझरेट’ नावाचे मोठे राज्य हवे होते. त्यांच्या धर्मग्रंथात या शब्दाचा अर्थ मधमाशी असा दिला आहे, म्हणून राज्याच्या ध्वजावर आजही पोळे दिसते. काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मात्र १८५० मध्ये पूर्ण राज्याऐवजी यूटा हा प्रांत तेवढा मान्य केला.

पाट जिथे गेले ती युटांची शिकारीची व कंदमुळांची जमीन होती. १८६१ मध्ये लिंकन यांच्या आदेशाने उइंटा खोऱ्यात त्यांच्यासाठी राखीव प्रदेश ठरवला गेला आणि पुढे त्यांना तिकडे हलवण्यात आले. संघराज्याशीही ताण वाढत होता. त्या तणावाच्या दिवसांत, ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन नागरी सैन्याने काही पायूट साथीदारांसह कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातील सुमारे १२० स्त्रीपुरुष व मुलांना ठार मारले. शिक्षा एकट्या जॉन डी. ली याला झाली, तीही वीस वर्षांनी. यूटाच्या इतिहासातले हे पान टाळून पुढे जाता येत नाही.

१० मे १८६९ रोजी प्रोमोंटरी समिट येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले आणि एकांत संपला. वादाचा मुद्दा उरला तो मॉर्मनांमधील बहुपत्नीत्वाचा. यूटाने १८७० मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. या स्त्रिया बहुपत्नीत्वाविरुद्ध मत देतील अशी बाहेरच्या सुधारकांची अटकळ होती. तसे घडले नाही आणि १८८७ मध्ये काँग्रेसने तो अधिकार काढून घेतला. १८९० मध्ये मॉर्मन चर्चने नव्या बहुपत्नी विवाहांना मनाई जाहीर केल्यावर वाट मोकळी झाली. ४ जानेवारी १८९६ रोजी यूटा पंचेचाळिसावे राज्य बनले आणि स्त्रियांचा मताधिकार थेट संविधानात आला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन निवडून आल्या. राज्य सिनेटवर गेलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री. पराभूत उमेदवारांत त्यांचे पती होते, आणि त्या स्वतः त्यांच्या अनेक पत्नींपैकी एक होत्या. राज्याचे आरोग्य मंडळ त्यांच्याच प्रयत्नाने उभे राहिले.

विधिमंडळ द्विसदनी आहे: सिनेट २९, प्रतिनिधिगृह ७५. वार्षिक अधिवेशन ४५ दिवसांचे. गव्हर्नरची मुदत चार वर्षे. काउंटी (जिल्हे) २९. राज्यातील सुमारे दोन तृतीयांश जमीन संघराज्याच्या मालकीची असल्याने चराई, खाणी, संरक्षित क्षेत्रे या प्रत्येक प्रश्नावर वॉशिंग्टनशी वाद झडतो. बेअर्स इअर्स हे राष्ट्रीय स्मारक २०१६ मध्ये घोषित झाले, २०१७ मध्ये आक्रसले आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत झाले.

सॉल्ट लेक सिटीत पत्ते मॉर्मन मंदिराच्या चौकापासून मोजतात. ‘३०० साउथ, ५०० ईस्ट’ म्हणजे चौकापासून तीन चौक दक्षिणेला आणि पाच पूर्वेला. नवखा माणूसही पत्ता ऐकून अंतर सांगू शकतो. मंदिर बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षे लागली. चर्चचे तरुण दोन वर्षे धर्मप्रचाराला देशोदेशी जातात, त्यामुळे परभाषा सफाईने बोलणारी माणसे इथे बरीच भेटतात. २४ जुलै हा राज्याचा मोठा सण. स्पॅनिश फोर्क गावात राधाकृष्णाचे मंदिर असून तिथल्या रंगपंचमीसारख्या उत्सवाला हजारो लोक येतात, त्यांत स्थानिक विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात.

राज्याची खरी ओळख असलेले ग्रेट सॉल्ट लेक हे प्राचीन बॉनव्हिल सरोवराचे उरलेले तळे. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या त्यात येतात, बाहेर काहीच जात नाही. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते. १९५९ मध्ये रेल्वेसाठी घातलेल्या दगडी भरावाने सरोवर दुभंगले. मोठी नदी न मिळणारा उत्तर भाग इतका खारट झाला की मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो गुलाबी दिसतो. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते याच जातकुळीच्या जीवांमुळे. सरोवरात मासे नाहीत, आहेत ते इवलेसे खारकोळंबी आणि खारमाश्या. स्थलांतर करणारे लक्षावधी पक्षी त्यांवरच पोसले जातात.

१९८७ मध्ये पूर इतका चढला होता की राज्याला पंप लावून पाणी पश्चिमेच्या वाळवंटात टाकावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच सरोवराने नीचांक गाठला. दुष्काळ हे एक कारण, पण नद्यांचे पाणी वरच्या वर उचलले जाणे हे त्याहून मोठे. त्यातले बहुतांश शेतीला, विशेषतः गुरांच्या लसूणघासाला जाते. उघड्या पडलेल्या तळातील धुळीत आर्सेनिक आहे आणि वारा सुटला की ती शहरांकडे येते. जुन्या कायद्याप्रमाणे हक्काचे पाणी न वापरल्यास हक्क जाण्याची भीती असे, म्हणून शेतकरी गरज नसतानाही पाट चालू ठेवत. २०२२ च्या कायद्याने शेतकऱ्यांना आपल्या वाट्याचे पाणी नदीतून सरोवराकडे जाऊ देऊनही हक्क शाबूत ठेवण्याची मुभा दिली.