मार्शमन, हॅना

मार्शमन, हॅना : (१३ मे १७६७–मार्च १८४७). बंगालमधील सेरामपूर येथे जवळजवळ अर्धे शतक काम केलेल्या इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी व शिक्षिका. माहेरचे आडनाव शेफर्ड. आजोबा जॉन क्लार्क हे विल्टशर परगण्यातील क्रॉकर्टन येथील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. १७९१ मध्ये जॉशुआ मार्शमन यांच्याशी विवाह झाला. पुढे जॉशुआ यांना ब्रिस्टल येथे धर्मादाय शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली.

१७९९ मध्ये हे दांपत्य मुलांसह क्रायटेरियन या अमेरिकन जहाजाने निघाले व ऑक्टोबरमध्ये सेरामपूरला उतरले. कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देत नसे. सेरामपूर मात्र डॅनिशांच्या ताब्यात होते. जानेवारी १८०० मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी व भाषांतरकार विल्यम केरी तेथे येऊन मिळाले. ‘सेरामपूरचे त्रिकूट’ म्हणून केरी, जॉशुआ मार्शमन आणि मिशनचे मुद्रक विल्यम वॉर्ड यांचीच नावे घेतली जातात. त्यात हॅना यांचे नाव नसणे हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे.

मिशनमधील सर्व कुटुंबे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि मिळकत सामाईक तिजोरीत टाकत. घर सांभाळण्याचे काम सुरुवातीला महिन्या-महिन्याने वाटून घेतले होते. कालांतराने त्याचा मुख्य भार हॅना यांच्यावर आला. केरी यांच्या पत्नी डॉरोथी मनोरुग्ण होत्या, केरी भाषांतरात गढलेले, आणि फेलिक्स, विल्यम, जाबेझ व जोनाथन ही त्यांची चार मुले मोकाट वाढत होती. केरी यांना हे दिसत होते, वाईटही वाटत होते, पण मुलांना धाक घालणे त्यांच्या मवाळ स्वभावात नव्हते, असे हॅना यांनी नोंदवले आहे. या मुलांना वळण लावले ते हॅना व वॉर्ड यांनी.

१ मे १८०० रोजी मार्शमन दांपत्याने मुलांमुलींसाठी वसतिगृहासह शाळा काढल्या. त्यांत प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन मुले शिकत. या शाळांची फी आणि केरी यांचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापनाचा पगार यांवर मिशनचा बराचसा खर्च चाले. ज्या सेरामपूर छापखान्यातून १८०५ मध्ये केरी यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला, तो त्याच मिशनचा होता. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हॅना यांच्या वर्गांची ही बाजूही धरायला हवी. बंगाली मुलींना शाळेत पाठवण्याची कल्पनाही घरोघर अमान्य असताना त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले व चिकाटीने वाढवले. मार्शमन कुटुंबाने मिशनच्या पैशावर स्वतःचे भले केले, असा आरोप पुढे झाला. मात्र शाळांची मोठी मिळकत या दांपत्याने वर्षानुवर्षे सामाईक तिजोरीतच भरली होती.

त्यांना बारा मुले झाली. त्यांपैकी पाचच वडिलांच्या पश्चात हयात होती. थोरले जॉन क्लार्क मार्शमन समाचार दर्पण (१८१८) या बंगाली साप्ताहिकाचे संपादक व इतिहासकार म्हणून ख्यातनाम झाले. आईचेच नाव मिळालेल्या कन्येने १८२९ मध्ये हेन्री हॅवलॉक या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. जुलै १८५७ मध्ये कानपुरापाशी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढलेला सेनानी तो हाच. जॉशुआ १८३७ मध्ये वारले. त्यानंतरही हॅना सेरामपूर येथेच राहिल्या आणि तेथेच त्यांचे निधन झाले.