ई-सायकल : रोजच्या जाण्यायेण्यासाठी परवडणारी रचना

पॅडल मारून चालवता येते, पण जिला बॅटरी आणि छोट्या मोटरची जोड असते ती ई-सायकल. घर ते काम आणि काम ते घर एवढ्याच पल्ल्यासाठी अशी सायकल आखायची, तर पहिला प्रश्न मोटरचा नसतो, वेगाचा असतो. किती वेगाने जायचे हे ठरले की मोटर किती वॅटची, बॅटरी केवढी, ब्रेक कसले आणि शेवटी किंमत किती, हे सगळे त्यामागून ओढले जाते. स्वस्त ई-सायकलींचे बहुतेक आराखडे इथेच फसतात. वेग चढा ठेवतात आणि मग काटकसर ब्रेक, स्पोक आणि बॅटरीत करतात. ती करायची खरी जागा वेग आहे.

हिशेब सोपा आहे. सायकल, स्वार आणि पाठीवरची पिशवी मिळून १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २० किमी वेग टिकवायला चाकावर सुमारे १०० वॅट लागतात. २५ ला सुमारे १७५ वॅट, आणि ३५ ला ४०० च्या आसपास. टायरचे घर्षण वेग वाढला तरी फारसे बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरे पडणारी शक्ती घनाने. दहा किलोमीटर जायला ताशी २५ च्या वेगाने २४ मिनिटे लागतात, ३५ च्या वेगाने १७. या सात मिनिटांसाठी दुपटीहून मोठी मोटर आणि किलोमीटरमागे दीडपटीहून जास्त ऊर्जा मोजावी लागते. वाटेत चार सिग्नल लागले की ती सात मिनिटेही पुरती हाती लागत नाहीत.

कायदेही साधारण याच आकड्यांभोवती घुटमळतात. युरोपीय संघात मोटरची अखंड क्षमता २५० वॅटपर्यंत असावी लागते, मदत फक्त पॅडल मारताना मिळते आणि ताशी २५ किमीला ती थांबते. भारतातही नोंदणीतून सूट मिळण्याची मर्यादा २५० वॅट आणि ताशी २५ किमी अशीच आहे. अमेरिकेच्या २००२ च्या संघीय कायद्यात ई-सायकल कशाला म्हणायचे याची मर्यादा ७५० वॅट आणि ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमी आहे. यातला ‘२५० वॅट’ हा आकडा मात्र नीट समजून घ्यावा. तो न तापता सतत चालण्याच्या क्षमतेचा असतो. चढावर हीच मोटर थोडा वेळ बॅटरीतून ५०० वॅट ओढू शकते आणि ओढतेही.

चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे हबमध्येच, मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेत मिळालेल्या पेटंटात मागच्या चाकातली मोटर आहे. १० व्होल्टची बॅटरी आणि १०० अँपिअरपर्यंतचा प्रवाह, असा तो मामला होता. एवढ्या प्रवाहाला मनगटाएवढी नाही तरी बोटाएवढी जाड तार हवी. आज ३६ व्होल्ट रूढ आहेत. २५० वॅटसाठी सुमारे ७ अँपिअर पुरतात, आणि तारेतला उष्णतेचा नाश प्रवाहाच्या वर्गाने घटत असल्याने साधी तारही चालून जाते. यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये पॅडलवरचा जोर मोजून तेवढीच साथ देणारी सायकल विक्रीला आणली. आजच्या ‘पेडल असिस्ट’ची घडण तिथून सुरू होते.

मोटरचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पॅडलच्या आसाजवळ बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर सायकलचे गिअर वापरते, म्हणून चढाला उत्तम. पण ती महाग असते, तिला बहुधा वेगळी फ्रेम लागते, आणि चेन व दातेरी चक्रे लवकर झिजतात. थेट फिरणारी हब मोटर जड असते, पण आत झिजण्यासारखे बेअरिंगखेरीज फारसे काही नसते. तिसरी गिअरवाली हब मोटर. हिच्या आत छोटी मोटर वेगाने फिरते, बहुधा नायलॉनचे ग्रहीय गिअर (मधल्या दातेरी चक्राभोवती बसवलेली छोटी चक्रे) तो वेग सुमारे पाचपट कमी करतात, आणि आत एकदिशा क्लच असल्याने मोटर बंद असताना पॅडल जड होत नाही. वजन दोन-तीन किलो. स्वस्त रोजच्या सायकलीसाठी हीच निवडावी.

ब्रेक दाबताना बॅटरी परत भरते, ही जाहिरातीतली आवडती ओळ. ताशी २० च्या वेगात १०० किलोची गतिज ऊर्जा १,५४० ज्यूल, म्हणजे ०.४३ वॅट-तास. तीस वेळा थांबून त्यातली निम्मी परत मिळवली, तरी जेमतेम एक किलोमीटरची सोय होते. गिअरवाल्या हब मोटरीत क्लचमुळे हे जमतही नाही, आणि त्यासाठी थेट फिरणारी जड मोटर वागवणे परवडत नाही.

चढासाठी मोटर मोठी करण्याआधी चाक लहान करून पाहावे. ३० न्यूटन-मीटर पीळ देणारी मोटर २६ इंची चाकात साधारण ९० न्यूटन ढकल देते, २० इंची चाकात १२०. शंभर किलो वजन दहा टक्के चढावर नेण्यासाठी सुमारे १०६ न्यूटन लागतात. तीच मोटर, तीच बॅटरी, आणि मोठ्या चाकाला न झेपलेला चढ लहान चाक चढून जाते. खड्ड्यांत लहान चाक जास्त आदळते, म्हणून टायर मात्र रुंद घ्यावे लागते.

किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा. मोटरच्याच भरवशावर २५ च्या वेगाने गेले, तर नुकसान धरून किलोमीटरला सुमारे १० वॅट-तास लागतात. पॅडलची साथ असली की हा आकडा पाच-सहावर येतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास मावतात आणि ती भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. जाऊन-येऊन २० किमीच्या प्रवासात तिची निम्मीच ऊर्जा खर्च झाली, तर दर दोन दिवसांनी एक पूर्ण आवर्तन, म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी होण्याएवढा वापर, होते. पाचशे आवर्तनांच्या लिथियम बॅटरीतून म्हणजे कामाचे हजार दिवस निघतात. याच पल्ल्याला निम्मी बॅटरी दिली, तर ती रोज तळाला जाते, लवकर थकते, आणि वाचवलेले पैसे दुसऱ्या वर्षी दुप्पट जातात.

शिसे-आम्लाची बॅटरी विकत घेताना स्वस्त. पण ३६ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या घ्याव्या लागतात आणि वजन दहा-बारा किलोंनी वाढते. तेवढ्याच ऊर्जेचे लिथियम सेल सुमारे दोन किलोंत मावतात : १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असे चाळीस सेल, दहा एकामागोमाग आणि अशा चार ओळी समांतर. शिवाय शिसे पूर्ण रिकामे करत राहिले, तर ते दोन-चारशे आवर्तनांत संपते. लिथियम आयर्न फॉस्फेट हा लिथियम बॅटरीचाच एक प्रकार थोडा जड आणि मोठा, पण तो हजार-दोन हजार आवर्तने टिकते आणि तापून पेटण्याचा धोका कमी असतो. जागा असेल तर माझ्या मते हेच घ्यावे.

बॅटरीत न करण्याची काटकसर म्हणजे बीएमएस, सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट. एखादा सेल त्याच्या कमाल व्होल्टच्या (साध्या लिथियम सेलला ४.२, फॉस्फेटला त्याहून कमी) वर गेला किंवा फार खाली उतरला की ते प्रवाह तोडते. जोडीचा चार्जर मूळचाच हवा. भंगारातले सेल जुळवून केलेले पॅक आणि कुठलाही बसेल तो चार्जर यांमुळे घरांत आगी लागल्या आहेत. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून विक्रीच्या ई-सायकलींना विद्युत सुरक्षेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, ते यामुळेच.

मदत कधी द्यायची हे ठरवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे क्रँकला, पॅडल ज्या दांडीवर असते तिला, लावलेली चुंबकांची चकती. पॅडल फिरतेय एवढेच तिला कळते, किती जोराने ते नाही. म्हणून सिग्नल सुटल्यावर अर्धा फेरा काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. जोर मोजणारा सेन्सर हे टाळतो, पण महाग पडतो. मधला उपाय कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती प्रवाह द्यायचा हे ठरवणाऱ्या सर्किटमध्ये, आहे. प्रवाह एका सेकंदात हळू चढवला, तर साधी चकतीही सुसह्य होते. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच मात्र हवाच, नाहीतर ब्रेक आणि मोटर एकमेकांशी झुंजतात.

साधी सायकल घेऊन तिला मोटर जोडण्यात पहिल्यांदा हार मानते ते मागचे चाक. कॅरिअरवरची बॅटरी, मोटर आणि स्वार असा सगळा भार एकाच चाकावर येतो आणि स्पोक हबपाशी जिथे वाकवलेले असतात तिथे तुटू लागतात. बॅटरी फ्रेमच्या मधल्या नळीवर आणली आणि जाड स्पोक घातले की हे बरेच थांबते. मोटर पुढच्या चाकात बसवली, तर मागचे पंक्चर नेहमीसारखे काढता येते, ही मोठी सोय. पण पुढचे चाक धरणारा चिमटा पोलादीच हवा. मोटरचा आस दोन्ही टोकांना चपटा केलेला असतो आणि चिमट्याच्या खाचेत तोच पीळ झेलतो. नट सैल झाला किंवा खाच फाकली की आस स्वतःभोवती फिरतो आणि आत जाणारी तार पिळून तोडतो. यासाठी आसाला धरून चिमट्याला आवळलेली पोलादी पट्टी, टॉर्क आर्म, लावतात. तिला खर्च नगण्य येतो.

पावसाचे पाणी मोटरमध्ये शिरते ते बहुधा या तारेच्याच वाटेने. तार वरून सरळ आसात उतरत असेल, तर थेंब तिच्यावरून घसरत थेट आत जातात. जोडताना तारेला आसाच्या खाली एक झोल द्यावा. थेंब त्या झोलाच्या तळाशी जमून रस्त्यावर गळून पडतात.