हातफेक ग्लायडर (नागपूर)

हातफेक ग्लायडर म्हणजे इंजिन, मोटर किंवा रबर न वापरता निव्वळ हाताच्या जोरावर वर जाणारे आणि मग हवेवर तरंगत खाली येणारे छोटे विमान. समोर स्थिर पंख आणि मागे कोन बदलता येणारी शेपटी ही मांडणी इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये अशाच हाताने सोडायच्या नमुन्यावर तपासली होती. आजचे ग्लायडर त्याच मांडणीवर उभे आहे. नागपुरात एनसीसीच्या हवाई शाखेतील मुले, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि घरच्या घरी बांधणारे हौशी लोक यात रमतात. इथे मात्र आराखड्याइतकाच महिना महत्त्वाचा. एकाच मापाचे विमान डिसेंबरात, मे महिन्यात आणि जुलैत तीन निराळ्या तऱ्हांनी वागते. हे ध्यानात न घेता नवखा माणूस बिचाऱ्या आराखड्याला दोष देत बसतो.

साहित्य. पंखांना बाल्सा लागतो. दक्षिण अमेरिकेतील या झाडाचे लाकूड हलके असते, पण प्रत्येक फळीचे वजन सारखे नसते. म्हणून दुकानात फळ्या हातात घेऊन, शक्य तर खिशातल्या काट्यावर तोलून निवडाव्यात. पंखाला मध्यम वजनाची आणि आडवी वाकवताना ताठ राहणारी फळी, शेपटीला सर्वांत हलकी. धडाला बाल्सा पुरत नाही. तिथे पाइनची सरळ रेषेची पट्टी हवी, गाठ असलेली नको. बुरुडाकडची किंवा पतंगाची बांबूची कामटी चिवट असते खरी, पण तिची जाडी एकसारखी मिळत नाही आणि तेवढ्यानेच शेपटीचा कोन फिरतो.

पहिल्या ग्लायडरसाठी पुढील मापे खात्रीची आहेत. पंख ४०० मि.मी. लांब, ७५ मि.मी. रुंद, ३ मि.मी. जाड. धड ४०० मि.मी. लांब, १० मि.मी. उंच, ३ मि.मी. जाड. आडवी शेपटी १५० बाय ४५ आणि उभी शेपटी ६० बाय ५० मि.मी., दोन्ही १.५ मि.मी. बाल्साच्या. पंखाची पुढची कड नाकापासून ११० मि.मी. आणि आडव्या शेपटीची पुढची कड ३४८ मि.मी. अंतरावर येते. तयार विमान २० ते २३ ग्रॅम भरावे. ३० ग्रॅमच्या पुढे गेले तर फेकायला मजा येते, तरंगत मात्र नाही.

बांधणी. सर्वाधिक वेळ पंख घासण्यात जातो आणि तो द्यावाच. फळीच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून २२ मि.मी. वर पेन्सिलची रेघ मारायची. ही पंखाची सर्वांत जाड जागा. लाकडी ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून रेघेच्या मागचा भाग उतरता करत मागची कड १ मि.मी.च्या आत आणायची, पुढचा भाग गोलसर करायचा. खालची बाजू सपाटच ठेवायची. पेन्सिलची रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. ती पुसली गेली तर जाडी गेली असे समजावे. मग २२० आणि शेवटी ४०० नंबर. घासताना फळी टेबलाच्या कडेवरून बाहेर काढू नये. मागची कड नखासारखी तडकते.

यानंतर पंख मधोमध कापून त्याला समोरून दिसणारा इंग्रजी व्हीचा आकार द्यायचा. एक अर्धा टेबलावर सपाट दाबून दुसऱ्याचे टोक ७० मि.मी. उचलून टेकवायचे, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण १० अंश मिळतात. सांध्याच्या दोन्ही कडा तितक्याच तिरक्या घासाव्या लागतात. उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश आला तर पुन्हा घासा, फट डिंकाने भरू नका. कापलेली कड डिंक पिऊन टाकते. म्हणून आधी फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा आणि दुसऱ्या हातावर सांधा जोडावा. घाईत एकाच हातात जोडलेला सांधा पहिल्या जोरदार फेकीला टाळीसारखा मिटतो.

फेव्हिक्विकसारखा चिकटवा हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की तो रेंगाळतो. सांध्यावर तोंडाची वाफ सोडली की पकडतो. पावसाळ्यात उलट, पंख सरळ करायच्या आतच तो चिकटून बसतो.

वरचा हात. कोरा बाल्सा पाणी शोषतो, वाकतो आणि त्याच्या खरबरीत अंगामुळे वेग मरतो. फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो एनसी सँडिंग सीलर आणि एनसी थिनर समसमान मिसळून दोन पातळ हात पुरतात. प्रत्येक हातानंतर ४०० नंबरने घासून बहुतेक सीलर काढूनच टाकायचा; लाकडाच्या छिद्रांत राहतो तेवढाच कामाचा. पंखाच्या दोन्ही बाजूंना लागोपाठ हात द्यावा. एकच बाजू रंगवून ठेवली तर सुकताना ती आकसते आणि पंख पन्हाळीसारखा वळतो.

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये टाळावे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि पांढरा भुरा येतो. भुरा आलाच तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका हात दिल्यावर तो बहुधा जातो, पण वजन वाढते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ गॅस, उदबत्ती, काहीही पेटते नसावे. रंग हवाच असेल तर पंखांच्या टोकांना मार्करचा गडद पट्टा द्यावा. पांढुरका बाल्सा वाळल्या गवतात दहा पावलांवरूनही सापडत नाही.

तोल आणि जुळवणी. पंखाखाली दोन बोटे टेकवून विमान पुढच्या कडेपासून ३० मि.मी. वर समतोल राहील इतकी क्ले नाकाला लावावी. मग वारा पडलेला असताना, खांद्याच्या उंचीवरून, क्षितिजाच्या किंचित खाली रोख धरून नुसते ढकलून सोडावे. वर-खाली झोके घेत गेले तर नाकात थोडी क्ले वाढवा. सरळ नाकावर आले तर क्ले कमी करा किंवा आडव्या शेपटीच्या मागच्या कडेवर वाफ सोडून ती केसभर वर वाकवा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. क्लेची जागा पक्की ठरली की तेवढ्याच वजनाचे एम-सील लावावे.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचे विमान वर जाताना उजवीकडे कललेले आणि तरंगताना डावीकडे वळणारे असावे. त्यासाठी मागून पाहताना आडव्या शेपटीचे डावे टोक थोडे उंच बसवतात. विमान उंच टोकाच्या दिशेने वळते. डाव्या पंखाची मागची कड आतल्या भागात १ मि.मी. खाली वाकवली की ते गिरक्या घेत जमिनीत शिरत नाही. तरीही शिरत असेल तर उभी शेपटी थोडी कापून लहान करावी.

हाच प्रकार पुढे रेडिओवर चालणाऱ्या एफ-३-के या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-वर्गापर्यंत जातो. त्यात पंख १५०० मि.मी. पर्यंत असतात आणि विमान पंखाच्या टोकाला धरून थाळीफेकीसारखे गिरकी घेऊन सोडतात.

ऋतू आणि मैदान. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सर्वोत्तम. उजाडल्यानंतर तास-दीड तास जमिनीलगतची गार हवा हलत नाही आणि विमानाचे खरे वागणे तेव्हाच दिसते. संक्रांतीच्या मागे-पुढे मात्र झाडांत, तारांत मांजा लोंबत असतो. बंदी असूनही नायलॉनचा मिळतोच. अशा दिवसांत वस्तीतली मैदाने सोडून द्यावीत.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीतल्या सकाळच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे १० टक्के विरळ असते, त्यामुळे विमान जास्त वेगाने तरंगते आणि आपटतेही जोरात. तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत हा खरा खजिना. पंख न हलवता गोल फिरणारी घार त्यांची जागा दाखवते. त्या झोतात सापडलेले २० ग्रॅमचे विमान ठिपका होऊन दिसेनासे होते. म्हणून पंखावर फोन नंबर लिहून ठेवावा. ठराविक वेळाने शेपटी उचलून विमान खाली आणणारी जळती वात जुन्या पुस्तकांत सांगितलेली आढळते. वाळल्या वावरात ती कदापि वापरू नये; छोटा यांत्रिक टायमर लावावा. वावटळ दिसली की थांबावे.

शहराबाहेर उमरेड किंवा काटोल रस्त्याकडे गहू निघालेले वावर मिळाले तर उत्तम, अर्थात शेतकऱ्याला विचारून. उभी पऱ्हाटी असलेले वावर टाळावे, तिची खुंटे पंख चिरतात. काळ्या मातीच्या भेगांत आडवी शेपटी अडकून मोडते, म्हणून विमान ओढून न काढता मागच्या बाजूने उचलावे. सोनेगावला विमानतळ आणि हवाई दलाचे ठाणे आहे; त्या परिसरात काहीही उडवू नये. रेडिओवर चालणारे मॉडेल असेल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावरचा विभाग आधी पाहावा.

रॉकेट. ग्लायडरवाल्याला कधी ना कधी रॉकेटची ओढ लागते. कागदी नळीचे, तयार मोटरचे मॉडेल रॉकेट अमेरिकेत १९५० च्या दशकात आले. तिथल्या मोटरवर सी६-५ असे लिहिलेले असते : सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंदांचा एकूण आवेग, ६ न्यूटन सरासरी रेटा आणि जळून संपल्यावर ५ सेकंदांनी छत्री बाहेर. भारतात अशी दारू भरलेली मोटर १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम यांच्या कक्षेत येते. ते राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. घरी दारू भरून मोटर करणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात बोटे आणि डोळे जातात.

पाण्याचे रॉकेट हा चांगला मार्ग आहे. सोड्याची २ लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने ६० पीएसआय दाबापर्यंत हवा, शेपटीला तीन छोटे पंख आणि नाकात ४० ते ५० ग्रॅम क्ले. बाटलीच्या मध्यावर सैल दोरी बांधून, ती सरकवत रिकामे रॉकेट आडवे तोलून धरायचे, दोरी त्याच जागी चिकटपट्टीने पक्की करायची आणि डोक्याभोवती फिरवून पाहायचे. नाक पुढे ठेवून फिरले तरच सोडावे. शेपटी पुढे आली तर नाकात वजन वाढवावे. साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही आणि धातूचा कोणताही भाग वर जाता कामा नये. रॉकेट सोडण्याच्या खटक्याची दोरी ५ मीटरवरून ओढावी. मे महिन्यात उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेल्या बाटलीचा आकार किंचित जरी बदललेला दिसला, किंवा अंगावर पांढरी चरी उमटली, तर तिच्यात पुन्हा हवा भरू नये.