थेरपीत खंड पडला? जुना स्प्लिंट चढवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे लहान मुलांचे स्प्लिंट (पाय-घोटा नीट धरून ठेवणारा आधार), गेटर (गुडघा सरळ धरणारा पट्टा) आणि क्लबफूटचे, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलाचे, बूट बनतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तेव्हा कित्येक पिशव्यांतून स्प्लिंट नवाकोराच निघतो. यात रागावण्यासारखे काही नाही. पोट आधी भरावे लागते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरातल्या मुलांचीही थेरपी बंद पडलीच होती.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात तेव्हा, ती इजा वाढत नाही, मूल मात्र वाढते. हाडे लांब होतात, पण ताठर पोटरी त्या वेगाने लांब होत नाही. व्यायाम, आधाराने उभे राहणे आणि स्प्लिंट यांची धडपड हे अंतर कमी ठेवण्यासाठी असते. ती थांबली की टाच उचलली जाते, मूल चवड्यांवर चालते, पुढे गुडघाही आखडतो. स्वतः उभे न राहणाऱ्या मुलाचा खुबा हळूहळू सरकू शकतो, आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. म्हणून थेरपी बंद असली तरी डॉक्टरांनी सांगितलेला खुब्याचा एक्स-रे चुकवू नका.

लग्नकार्य किंवा तापामुळे आठवडाभर सुटले तर सहसा फार बिघडत नाही. काही महिने गेले असतील तर मात्र जुना स्प्लिंट पट्टे ओढून बसवू नका. आधी टाच तळाला टेकते का पाहा. टाचेपाशी भोक ठेवलेले असेल तर त्यातून दिसते. टाच वर राहत असेल, तर पाऊल मधूनच वाकते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. बोटे कडेबाहेर गेली असतील तर तो स्प्लिंट संपला. कड कुठे टोचत असेल तर आम्ही गरम करून थोडी फाकवून देतो, पण आखूड झालेला स्प्लिंट लांब होत नाही. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर घालणे थांबवा आणि आम्हाला दाखवा. घोटा फारच आखडला असेल तर नवे माप घेण्याआधी आम्हीच तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवू. कधी घोटा मोकळा करायला आधी प्लास्टर लागते, आणि त्याशिवाय केलेला स्प्लिंट म्हणजे पैसे वाया.

क्लबफूटची गोष्ट वेगळी आहे. पोन्सेटी पद्धतीत पाय प्लास्टर घालून हळूहळू सरळ करतात. प्लास्टर निघाल्यावर दांडीचे बूट (मधल्या दांडीने जोडलेली जोडी) पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. पाय सरळ दिसू लागला की नेमके तेव्हाच बूट सुटतात (आजीला बाळाचे रडणे बघवत नाही, हेही खरे), आणि पाय पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण तेच. बुटातून टाच सारखी निसटत असेल तर पट्टा आवळू नका, डॉक्टरांना गाठा.

गावाबाहेर जाणार असाल तर निघण्याआधी एकदा या. पट्टे, वेल्क्रो बदलून देऊ, आणि मुलासोबत राहणाऱ्या मोठ्या माणसाला स्प्लिंट चढवायला शिकवू. व्यायाम मात्र थेरपिस्टकडूनच शिकून घ्या.

खर्चासाठी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

खंडानंतर येताना जुना स्प्लिंट, नेहमीचे बूट, शेवटचा एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मूल जेवून-झोपून ताजे असेल अशी वेळ घ्या. रडणाऱ्या मुलाचा पाय जास्त ताठरतो आणि माप चुकते.